शेवटच्या बाकावरची घोंगडी

२ जानेवारीला दुकानातली डार्करूम रिकामी करायला घेतली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुतार येणार होता, ओल्या फळ्या काढून संगणकाचं टेबल ठोकायला. त्या खोलीत बरीच वर्षं लाल दिवा लागला नव्हता. मी तिथे मोडके स्टँड आणि पावसाळ्यात वाळत घालायचे कपडे ठेवत होते. पैठणगेटसारख्या भर बाजारात आठ बाय सहाची जागा अशी अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

तीन ट्रे भंगारात टाकले. निगेटिव्ह मोठी करून छापायचा एन्लार्जर एका कॉलेजच्या मास्तरांनी हौस म्हणून मागून ठेवला होता, तो बाजूला ठेवला. डेव्हलपरचा एक सीलबंद डबा निघाला, फोटो पक्का करायच्या हायपोचं अर्धं पाकीट निघालं आणि मुदत कधीच संपलेल्या फोटोच्या कागदाचं एक खोकं. मग निगेटिव्हची पाकिटं. प्रत्येक पाकिटावर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, अक्षरात गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव. सिल्लोड, सिल्लोड, पैठण, सिल्लोड. सिल्लोडची सगळ्यात जास्त, कारण त्या भागातल्या मुलींचे दाखवायचे फोटो आमच्याकडे निघत. आमच्या स्टुडिओत फोटो काढला की स्थळ लवकर जमतं, असं तिकडे बोललं जाई. त्यामागे काही चमत्कार नव्हता. आमच्याकडे मुलगी गोरी येई.

ते काम माझं होतं. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरायच्या. निगेटिव्हवर जे काळं, ते फोटोत पांढरं. वर कागद हार्ड वापरायचा, म्हणजे केस कुळकुळीत आणि गाल दुधासारखा. पंधराव्या वर्षापासून मी हे करत होते. मुलगी कोणत्याही रंगाची असो, मी तिला सायीच्या रंगाची करून देई. गिऱ्हाईक खूश, अण्णा खूश. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, आणि कुणी म्हणालंही नाही. एक जण सोडून.

त्याच ढिगात एक मोठं पाकीट सापडलं. त्यावर अण्णांचं नाही, माझं अक्षर होतं. ‘चर्च. दुसरा.’

मी उठले आणि भंगारातले ट्रे परत काढून धुतले.

तो फोटो काढला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते ऑपरेशनला घाबरत होते. फोकस मी बघायची, हुकूम ते सोडायचे. दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावच्या अलीकडे, निजामाच्या काळातलं एक दगडी चर्च आहे. त्याचा शतकमहोत्सव होता. सगळी मंडळी आपापल्या जागी बसलेली, चर्चच्या आतला एक मोठा फोटो भिंतीवर लावायला हवा, असं त्यांच्या समितीचं म्हणणं. रंगीत फोटो गावात यायला लागले होते, पण एवढा मोठा आणि टिकाऊ म्हटल्यावर काळा-पांढराच.

रविवारच्या आधी आम्ही दोघं जागा बघायला गेलो. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की मिनिटभर काही दिसत नसे. एका बाजूच्या भिंतीत पाच उंच खिडक्या, त्यांतून ऊन नुसतं आत कोसळत होतं. मागच्या बाजूला लाकडी माळा, आणि त्या माळ्याखालची शेवटची दोन बाकं विहिरीच्या तळाला असावीत तशी. अशा जागी फोटो काढणं अवघड असतं. आपला डोळा खिडकी बघतो आणि बाकही बघतो. फिल्मला दोन्ही जमत नाही, तिला काहीतरी एक निवडावं लागतं. खिडकी नीट आली तर कोपरा काळाठिक्कर. कोपरा उजळला तर खिडकीच्या जागी पांढरं भगदाड. त्यातून उपासनेला बायका पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसणार.

मी हे अण्णांना सांगत होते, तेवढ्यात माळ्याखालून आवाज आला.

‘पोरी, ह्यात मी येनार का?’

शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून एक म्हातारा बसला होता. इतका वेळ तो मला दिसलाच नव्हता. चेहरा काळा, खांद्यावर काळी घोंगडी, मागे काळं लाकूड. ते घंटेवाले मामा. जन्माने मेंढपाळ. चर्चमागच्या माळावर मेंढरं चारता चारता कधीतरी ते घंटा ओढायला लागले, मग झाडलोट करू लागले, आणि दर रविवारी शेवटच्या बाकावर बसू लागले. बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. मी विचारलं, ‘मामा, तुम्ही मग नक्की कुणाचे?’

‘मी घंटेचा,’ ते म्हणाले. ‘ती वाजली की समदे येत्यात. मंग मी बी बसतो.’

‘सगळे येणार फोटोत,’ मी म्हणाले.

‘समदे येत्यात गं. म्याच येत नाय.’

ते मला चर्चच्या पाळकसाहेबांच्या खोलीत घेऊन गेले. तिथे भिंतीवर आधीचे तीन फोटो होते, वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या फोटोग्राफरांनी काढलेले. तिन्हींत खिडक्या सुरेख, पुढच्या रांगा सुरेख आणि मागचा कोपरा डांबरासारखा. मामांनी त्या डांबरावर एकेक करून बोट ठेवलं.

‘हितं हाय मी. हितं बी हाय. अन् ह्यात बी. दाव बरं, कुठं हाय?’

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गुडघे गेले होते, दोर ओढवत नव्हता. मेंढरं विकून झाली होती. पुढच्या रविवारनंतर ते अजिंठ्याला लेकीकडे जाणार होते, कायमचे.

‘लेक इचारती, बाबा, ती लोकं तुमाला खरंच आत बसू देत व्हती का तुमी आपलं पायरीवर बसत व्हता? तीस वर्सं बसलो हितं. तिला दावू काय?’

‘ह्या फोटोत तुम्ही येणार,’ मी म्हणाले. मला जमेल याची खात्री होती. न जमलेलं तोवर काही नव्हतं.

रविवारी उपासना संपल्यावर वेदीच्या पायरीजवळ कॅमेरा लावला. मंडळीला दोन सेकंद श्वास रोखायला सांगितलं. अण्णा ओरडले, ‘स्थिर!’ आणि एक बाळ सोडून सगळे स्थिर राहिले. उजेडाचा अंदाज मी मागच्या बाकाच्या हिशेबाने घेतला होता. निगेटिव्ह नेहमीसारखी धुतली, नेहमीच्या कडक डेव्हलपरमध्ये. व्हायचं तेच झालं. खिडक्या फुगून चौकटीबाहेर गेल्या, पुढच्या साड्यांना एक चुणी उरली नाही. मागची माणसं मात्र निगेटिव्हमध्ये होती, पुसट, पण होती.

बाकी सगळं छापताना निभावलं. पुठ्ठ्याला भोक पाडून खिडक्यांवर जास्तीचा उजेड टाकला. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून मागच्या बाकांवर सावली धरली, म्हणजे तिथे कागद काळा पडू नये. आणि हात सवयीने चालत राहिला. चेहरा जसा दिसायला हवा असं मला नऊ वर्षं शिकवलेलं होतं, तसा होईपर्यंत मी चकती हलवत राहिले. शेवटी थोडी पेन्सिलही फिरवली.

समितीचे सेक्रेटरी बायकोला घेऊन दुकानात आले. फोटो बघून म्हणाले, ‘वा! सगळे कसे उजळ आलेत! आमची ही तर ओळखूच येत नाही.’

‘म्हणजे चांगली आले म्हणायचं का मी?’ बाई म्हणाल्या.

‘मी फोटोची तारीफ करतोय.’

‘हो, फोटोचीच करा. घरी चला मग.’

काम पास झालं. अण्णांनी मोठ्या प्रतीची तयारी सुरू करायला सांगितलं.

गुरुवारी मामा आले. पडेगावच्या अलीकडून पैठणगेटपर्यंत, त्या गुडघ्यांनी. मी त्यांना स्टूल दिलं आणि फोटो हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग भिंतीकडून माणसं मोजली.

‘भितीकडनं पयला मी बसलो व्हतो.’

‘तुम्हीच आहात तो.’

‘ह्यो?’ ते हसले. ‘ह्यो तर कोन सायब हाय निजामाच्या टायमाचा. अंगावर शाल बी हाय बघ, भारीतली. माझी घोंगडी कुठं गेली?’

मी बघितलं. चकतीने घोंगडी राखाडी झाली होती, तिच्या काठाची पांढरी रेघ दिसेनाशी झाली होती. चेहरा गुळगुळीत, गोरा, कुणाचाही असू शकेल असा. मी म्हणाले, ‘मामा, जरा उजळ केलाय एवढंच.’

‘व्हय, व्हय. चांगला केलाय.’ त्यांनी फोटो दोन्ही हातांनी परत दिला. ‘पर लेक म्हनंल, ह्यो कोन? आदी तीन व्हते, आता चार झाले. चौथ्यात बी मी नाय.’

पाणी प्यायले आणि निघाले.

मी अण्णांना म्हणाले, ‘रविवारी परत काढायला जाते.’

‘काम पास झालंय. उगाच फिल्म कशाला जाळतेस?’

‘मामा आले नाहीत त्यात.’

‘आलेत की. मी बघितलं.’

‘तुम्हाला मोतीबिंदू आहे, अण्णा.’

त्यांनी फोटो उचलून डोळ्यांशी धरला. मग म्हणाले, ‘चेहरा उजळायचा नसतो. जागा उजळायची असते. अजिंठ्याच्या लेण्यात कसं करतात, बघितलं नाहीस?’

बघितलं होतं. बाहेर उन्हात पांढरं कापड ताणून धरतात आणि त्यावरचा उजेड आत वळवतात. लहान असताना ते मला घेऊन गेले होते. तरुणपणी त्यांनी तिथल्या भिंतींचे फोटो काढले होते, दारात ऊन आणि आत काळोख अशा जागी. ती सगळी विद्या त्यांनी दुकान टाकल्यावर गुंडाळून ठेवली, कारण सिल्लोडच्या मुलींना तिचा उपयोग नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी दुसरी युक्तीही सांगितली. फिल्म डेव्हलपरमध्ये थोडा वेळ बुडवायची आणि नुसत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून द्यायची. जिथे उजेड भरपूर लागलाय, तिथे शोषलेला डेव्हलपर लगेच संपतो आणि काम थांबतं. जिथे सावली आहे, तिथे तो सावकाश काम करत राहतो. खिडकी थांबते, कोपरा चालत राहतो.

रविवारी मी एकटी गेले. रिक्षात कॅमेरा मांडीवर आणि स्टँड बाहेर काढलेला. पाळकसाहेबांनी मंडळीला आणखी दहा मिनिटं बसायची विनंती केली. कुरकुर झालीच. ‘बाई, गेल्या खेपेला काय झोपला होता का तुम्ही?’ ‘घरी भाकरी थापायच्यात अजून.’ मी मामांची बाज चर्चमागच्या त्यांच्या खोलीतून बाहेर काढली. पाळकीणबाईंनी चादर दिली. ‘पाहुण्यांची आहे हं, माती लावू नका.’ चादर बाजेवर ताणून बांधली आणि बाज माळ्याजवळच्या बाजूच्या दाराबाहेर उन्हात उभी केली. आत मागच्या बाकांवर उजेडाची एक साय पसरली. भगभगीत नाही, अगदी बेताची. मामांची घोंगडी घोंगडी दिसायला लागली.

बाज मात्र वाऱ्याने हलत होती. दाराजवळच्या कडुनिंबाला दोराने बांधायला हवी होती, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. पाळकीणबाई जवळ उभ्या होत्या, मी त्यांनाच धरायला सांगितली.

‘म्हणजे मी फोटोत नाही?’

‘पहिल्या फोटोत आहात ना.’

‘बरं,’ असं म्हणून त्यांनी बाज धरली. घट्ट धरली, जरासुद्धा हलू दिली नाही.

दुपारी मी डार्करूममध्ये फिल्म धुवायला घेतली. अण्णा दाराबाहेर स्टुलावर बसून घड्याळ डोळ्यांशी धरून वेळ सांगत होते.

‘आता पाणी. हलवू नकोस.’

‘नाही हलवत.’

‘ट्रेला हातसुद्धा लावू नकोस. पाणी हललं की सगळं फुकट.’

‘नाही लावत, अण्णा.’

‘मग हात कुठंयत?’

‘कमरेवर.’

‘हां.’

त्या निगेटिव्हवर मी पेन्सिल लावली नाही. छापताना चकती धरली नाही. गल्ल्याखालून शोधून, काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी करणाऱ्या सॉफ्ट कागदाची चार पानं काढली, जो कागद आमच्याकडे कुणी मागत नसे. फोटो ट्रेमध्ये वर येताना आधी खिडक्यांची जाळी दिसली, काचेचे तुकडे एकेक वेगळे. मग पुढच्या साड्यांच्या चुण्या. मग मागचं बाक. भिंतीकडून पहिला, काळा माणूस, काळी घोंगडी, तिच्या काठाला पांढरी रेघ, आणि एका गालावर बाजेवरचा उजेड. तोंड किंचित उघडं, श्वास रोखायला सांगितल्याचं त्यांनी जास्तच मनावर घेतलं होतं.

मंगळवारी एसटी स्टँडवर जाताना ते दुकानात आले. सोबत एक बोचकं. मी पोस्टकार्डाएवढी प्रत काढून ठेवली होती. ती घेऊन ते बाहेर पायरीवर उन्हात गेले. आत आले तेव्हा हसत होते.

‘ह्यो मी. आरं तिच्या, लई काळा आलो की.’

‘तुम्ही काळेच आहात, मामा.’

‘व्हय की! मंग!’ त्यांना ते फारच पटलं. अण्णांना दाखवलं, अण्णांनी डोळे बारीक करून बघितल्यासारखं केलं. फोटो घोंगडीच्या आतल्या घडीत गेला. दारातून वळून ते म्हणाले, ‘तिथं भितीवर ह्योच लागंल न्हवं?’

‘हाच लागेल,’ मी म्हणाले.

तो लागला नाही. मी दोन्ही फोटो समितीपुढे ठेवले. सेक्रेटरी दुसरा बघून म्हणाले, ‘हा जरा काळपट वाटतो.’ मी खिडक्या दाखवल्या, चुण्या दाखवल्या, कोपरा दाखवला. पाळकसाहेबांना तो आवडला होता, हे दिसत होतं. पण पाळकीणबाईंनी रांगांवरून नजर फिरवली आणि विचारलं, ‘ह्यात मी कुठंय?’

त्या दाराबाहेर उन्हात बाज धरून उभ्या होत्या. शतकमहोत्सवाचा फोटो पाळकीणबाईंवाचून कसा लावणार? कुणाचंच चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर माझं, दोराचं न सुचलेलं. मी वाद घातला नाही. पुढे लग्नसराई होती, सिल्लोडची पाकिटं येऊन पडली होती. गोरा फोटो मोठा करून दिला, तो पाळकांच्या खोलीत त्या तिघांशेजारी लागला. अजिंठ्याला पत्र टाकून मामांना कळवावं, असं दोनदा मनात आलं. टाकलं नाही. ते येऊन बघणार नव्हते, तेवढं पुरेसं वाटलं.

मी चेहरे गोरे करायचं सोडलं, असंही नाही. रंगीत फोटो येईपर्यंत तेच करत होते. दुकान त्यावर चालत होतं. अण्णांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं, आणि दिसायला लागल्यावर चर्चचा दुसरा फोटो मागून घेऊन बराच वेळ बघितला. ‘पाणी हललं नव्हतं,’ एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालं नाही. अजून त्यांची आठवण आली की मला ते दाराबाहेरच्या स्टुलावर बसलेले दिसतात, घड्याळ नाकाला लावून.

त्या चर्चमध्ये मी नंतर कितीतरी लग्नांचे फोटो काढले. पाळकांच्या खोलीत चहा होई. मी नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून बसे.

तर, ट्रे धुतले. डेव्हलपरचा सीलबंद डबा फोडला, पावडर पिवळी पडली नव्हती. हायपो कालवला, एन्लार्जर परत फळीवर चढवला. लाल दिवा पहिल्याच झटक्यात लागला, याचं मला नवल वाटलं. मुदत संपलेला कागद जुना होऊन सॉफ्ट पडतो, पांढऱ्यावर किंचित राखाडी चढते. एरवी तो फेकायचा. पण एवढ्या ऊन-सावलीच्या निगेटिव्हला सॉफ्ट कागदच लागतो. दोन पानं वाया गेली, तिसरं जमलं. पाण्यात फोटो फिरत असताना मी कोपऱ्याकडे बघितलं. भिंतीकडून पहिला, बसलेला होता.

रात्री फोटो कापडावर वाळत ठेवला आणि दुकानातली एक तयार फ्रेम त्याच्या मापाची निघाली, ती पुसून ठेवली. पाळकांना फोन केला. आताचे पाळक तरुण आहेत, मामांचं नावही त्यांनी ऐकलेलं नाही. ‘जुना फोटो काढून हा लावायचा का?’ त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. जुन्यात पाळकीणबाई आहेत. त्यांनी बाज हलू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फ्रेम, हातोडी आणि दोन खिळे घेऊन रिक्षा केली. पाळकांच्या खोलीतली भिंत दगडी निघाली, पहिला खिळा वाकला. दुसरा सांध्यात बसला. गोऱ्या फोटोच्या शेजारी हा टांगला, सरळ झालाय का ते लांबून बघितलं आणि डावी बाजू जरा वर केली. चहाला थांबले, या खेपेला भिंतीकडे तोंड करून. मग साडेदहाच्या आत परत येऊन सुतारासाठी डार्करूमचं दार उघडून ठेवलं.